पोरं कोर्टवर बोलतच नाहीत: बास्केटबॉलच्या सरावाचं काय करावं?

तिसरं_गेट | ९ जून, रात्री १०.४०

बेळगावातल्या एका हायस्कूलच्या पोरांना मी संध्याकाळी बास्केटबॉल शिकवतो. पगारी कोच नाही. कॉलेजात असताना खेळलो, तेवढंच भांडवल. सोमवार, बुधवार, शुक्रवार, साडेपाच ते सात. नऊ मुलगे, सात मुली, आठवी ते दहावीतले. बॉल सहा, त्यातल्या दोघांना टक्कल पडलंय. कोर्ट सिमेंटचं, आणि दोन रिंगांपैकी एकच धड. दुसरीचा बोर्ड गेल्या पावसाळ्यात कुजला, अर्ज दिलाय, अर्ज तिथंच आहे.

गेल्या वर्षी तालुक्याच्या मॅचला काय झालं ते सांगतो. समोरच्या टीमनं एकच स्क्रीन, म्हणजे आपला गडी आमच्या गार्डच्या वाटेत भिंतीसारखा उभा करणं, चार वेळा लावला. तोच कोपरा, तोच उंच पोरगा, आणि चारही वेळा आमचा गार्ड त्याच्या खांद्यावर जाऊन आदळला. टाइमआउट घेतला आणि मागच्या पोराला विचारलं, "स्क्रीन येताना दिसला नव्हता काय?"

"दिसला होता सर."

"मग सांगितलं का नाहीस?"

खाली मान. उत्तर नाही.

हीच पोरं बसस्टॉपवर असली की दोन गल्ल्या पलीकडं ऐकू जातात. कोर्टवर पाऊल टाकलं की मुकी. वर निम्मी मराठी माध्यमाची, बाकीची कन्नड माध्यमाची, दोघांच्या घरी उर्दू. फंडामेंटल्सही कच्चीच आहेत, पिव्होट म्हणजे एक पाय रोवून वळणं, तर ही गरागरा फिरतात. आठवड्याला साडेचार तास मिळतात, त्यातले पावसात किती जातील देव जाणे. काय घ्यावं, काय सोडावं? जुन्या खेळाडूंनी सांगा.

---

जुना_सेंटर | ९ जून, रात्री ११.१५

आधी पळवा. आमच्या वेळी ग्राउंडला दहा फेऱ्या झाल्याशिवाय बॉलला हात लावू देत नव्हते. मग ले-अपच्या (पळत येऊन रिंगजवळून शॉट) दोन लाइनी, मग थ्री-मॅन वीव्ह (तिघांनी पास देत वेणीसारखं पळत जाणं), मग मॅच. बोलायला वेगळं कोण शिकवतंय? दम असला की तोंड आपोआप उघडतं. आजच्या पोरांना दमच नाही, मोबाइल धरून मनगटं गेली.

---

खानापूरची_पीटी | १० जून, सकाळी ६.०५

जुने सेंटर, राग मानू नका, पण तुमच्या वेळी बॉल एकच होता म्हणून फेऱ्या होत्या. बॉल नसताना पोरांना गुंतवून ठेवायची ती युक्ती होती, पुढं तिचीच परंपरा झाली.

तिसरं गेट, मी खानापूर तालुक्यात पीटी टीचर आहे. मुलींची टीम सांभाळते. आधी एक काम करा. उद्या ले-अपच्या लाइनी लावा आणि बाजूला बसून एकाच पोरीवर नजर ठेवा. दहा मिनिटांत बॉल तिच्या हातात किती वेळा येतो ते मोजा. मी मोजलं तेव्हा मलाच लाज वाटली. एका रिंगवर एक शॉट, रिबाउंड आणि परतीचा पास यांना साधारण सहा सेकंद लागतात. म्हणजे मिनिटाला दहा, दहा मिनिटांत शंभर. सोळाजणांत वाटले की प्रत्येकीला सहा. सहा शॉट! उरलेला वेळ ती रांगेत उभी राहून वेणी घालते. शिस्त छान दिसते, मुख्याध्यापक वरून बघून खूश होतात, शिकणं मात्र सहा शॉटांचं.

म्हणून रांगा मोडा. रिंग एक असली तरी भिंत आहे, व्हरांडा आहे, अर्धं कोर्ट मोकळं आहे. चौघाचौघांचे चार गट करा. एक गट रिंगखाली. तिथं मिकन ड्रिल घ्या: बोर्डाच्या एका बाजूनं जवळून टाकायचा, नेटमधून पडणारा बॉल हवेतच धरायचा, दुसऱ्या बाजूनं टाकायचा, दोन्ही हातांनी. अमेरिकेचा जुना नावाजलेला खेळाडू जॉर्ज मिकन सहा फूट दहा इंचाचा होता, कॉलेजात आला तेव्हा अवजड आणि ढिला. त्याला रोज असं घासूनच तयार केला होता. दुसरा गट भिंतीवर पास: छातीवरून, टप्पा देऊन, डोक्यावरून. तिसरा गट दोन पायांवर एकदम थांबणं आणि पिव्होट. चौथा गट दोघांविरुद्ध दोघं. सहा-सात मिनिटांनी गट फिरवा.

पिव्होटबद्दल: "पाय हलवू नको" असं सांगून काही होत नाही. समोर एक पोरगं उभं करा आणि त्याला बॉल हिसकवायला सांगा. पाच सेकंद बॉल वाचवायचा. पाय आपोआप रोवला जातो, कोपरं बाहेर येतात, नजर वर जाते. नियमातही ते पाच सेकंदच आहेत. अंगाशी कुणी चिकटलं असेल तर तेवढ्यात बॉल सोडावा लागतो.

आणि ड्रिबल बंद. मजेत म्हणत नाही. रोज पंधरा मिनिटं चार विरुद्ध चार, बॉल एकदाही आपटायचा नाही. नेस्मिथ सरांनी १८९१ साली स्प्रिंगफील्डला हा खेळ काढला, तेव्हा त्यांच्या तेरा नियमांत ड्रिबल नव्हतंच. बॉल जिथं धरला तिथूनच फेकायचा. ड्रिबल गेलं की बॉलवाल्याला मदत लागते, आणि मदत लागली की बोलावं लागतं. माझ्या पोरींच्या तोंडून पहिल्यांदा आवाज निघाला तो याच खेळात.

बॉलचा साइज बघितलात का? मुलींना सहा नंबर द्या. सात नंबर देऊन "कमरेतून फेकू नको" म्हणून ओरडणं म्हणजे पोरीच्या डोक्यावर दोन घागरी ठेवून नीट चाल म्हणण्यासारखं आहे.

---

जुना_सेंटर | १० जून, सकाळी ९.३०

सहा शॉटांचं गणित पटलं. वीव्ह मात्र सोडणार नाही.

पण ताई, हल्लीची पोरं बॉल घेऊन तीन पावलं चालतात आणि अंपायर शिटी मारत नाही. फंडामेंटल कुठून येणार?

---

खानापूरची_पीटी | १० जून, दुपारी १.१०

तीन नाहीत हो. २०१७ पासून फिबाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेचा, नियम तसा आहे. पळताना बॉल हातात घेतला तेव्हा जो पाय जमिनीवर असेल तो शून्य धरायचा, त्यानंतर दोन. उभ्यानं घेतलेल्या बॉलला ही सूट नाही. पोरांना "शून्य, एक, दोन" असं तोंडानं म्हणत ले-अप करायला लावते. तेवढंच बोलणंही होतं.

---

सुभेदार_आजोबा | १० जून, रात्री ८.२०

मी फौजेतून निवृत्त झालो, कॅम्पात राहतो. बास्केटबॉल युनिटकडून खेळलो आहे, फार भारी नाही. बोलण्यापुरतं सांगतो.

परेड ग्राउंडवर हुकूम दोन तुकड्यांत येतो. पहिली तुकडी लांबवतात, ती सावध करते. मग क्षणभर थांबून दुसरी तुकडी तोडून टाकतात, त्यावर अंग हलतं. "दाहिने..." म्हटल्यावर कुणी हलत नाही, फक्त कान टवकारतात. "मुड" (वळ) पडला की हजार टाचा एकदम. पहिली तुकडी गाळली तर अर्धी पलटण डावीकडं जाईल.

तुमची पोरं बोलली तरी "अरे बघ, अरे अरे" असंच ओरडत असणार. त्यात हुकूम कुठं आहे? आधी नाव, मग काम. "पिंट्या, स्क्रीन लेफ्ट." नावानं कान उघडतो, पुढच्या दोन शब्दांनी पाय हलतात. सगळं मिळून तीन शब्द. चौथा शब्द येईपर्यंत पिंट्या आपटलेला असतो.

दुसरं, आवाज पोटातून काढायला शिकवा. पोरांना कोर्टच्या दोन टोकांना उभं करा, मध्ये अठ्ठावीस मीटर. या टोकानं हाक द्यायची, त्या टोकानं ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची. न किंचाळता पोचली पाहिजे. आम्हाला पहिल्या महिन्यात हेच करायला लावलं होतं, घसा बसेपर्यंत.

---

चिकोडी_पॅसेंजर | १० जून, रात्री ९.४५

सुभेदार साहेब, शब्दांवरून आठवलं. माझी भाषा घरी कन्नड, गल्लीत मराठी, त्यामुळं दोन्हीकडून मार खाल्लाय.

आमच्या टीमचा पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल आणून खेळ चालवणारा, मराठी. मी पोस्टला, म्हणजे रिंगजवळ. तो मला ओरडायचा, "आत! आत!" म्हणजे रिंगकडं आत घुस. आमच्या उत्तर कर्नाटकच्या कन्नडात "आतु" म्हणजे झालं, संपलं, ठीक आहे. मी मॅचमध्ये, हात वर असताना, "आतु" ऐकून निवांत उभा. त्याला वाटायचं हा माजलाय. मला वाटायचं हा उगाच का समाधान व्यक्त करतोय.

दुसरं "आली". मराठी पोरगं समोरची टीम चालून येताना "आली, आली" म्हणतं. कन्नडात "अल्लि" म्हणजे तिथं. ऐकलं की मान फिरवून तिथं कुठं ते बघायचं, तोवर बॉल कानशिलावर. हसू नका, दात हलला होता.

म्हणून तिसरं गेट, आधी शब्द ठरवा. पाटीवर लिहा, दोन्ही लिप्यांत. आणि ते पोरांनाच ठरवू द्या. तुम्ही ठरवलेत तर कन्नडवाल्यांना वाटेल मराठी लादली, मराठीवाल्यांना वाटेल कन्नड लादली. आपल्याकडं पाट्यांवरून काय होतं ते मी सांगायला नको!

---

तिसरं_गेट | ११ जून, सकाळी ७.१५

दात हलला तरी हसलो, माफ करा.

कालच मोजलं. एक मुलगी, दहा मिनिटं. पाच. सहासुद्धा नाहीत. एकदा बॉल गटारात गेला होता, तो आणायला तीच गेली.

---

बोलक्या_पोरीची_आई | ११ जून, दुपारी ३.००

मी खेळाडू नाही. माझी मुलगी दुसऱ्या एका शाळेत खेळते, म्हणून हे वाचते आहे.

तुम्ही सगळे म्हणता पोरं बोलत नाहीत. मुलींचं वेगळं आहे हो. जन्मल्यापासून त्यांना सांगितलंय, हळू बोल, शेजारी ऐकतील, पोरीच्या जातीला एवढा आवाज शोभत नाही. मीच सांगितलंय. आणि नववीत एक सर शिटी फुंकून म्हणतात, ओरड! कशी ओरडेल? तेही बाजूला मुलगे हसत उभे असताना.

आणि सर स्वतः काय बोलतात तेही बघा. माझ्या मुलीच्या आधीच्या कोचचं बोलणं म्हणजे "काय झोपलीस काय" आणि "घरी जाऊन भाकऱ्या भाज". त्या टीममध्ये कोण तोंड उघडेल? उघडलं आणि चुकलं तर पुन्हा भाकऱ्याच.

एक व्यवहाराची गोष्ट. सात म्हणजे सातला सोडा. २०२३ पासून सरकारी बसला मुलींना तिकीट नाही, त्यामुळं गावाकडच्या पोरी सरावाला येऊ लागल्यात. पण तिकीट नसलं तरी बस असावी लागते. सात वीसची चुकली की मग बापाला गाडी घेऊन यावं लागतं, आणि तो दोनदा आला की तिसऱ्या वेळी सराव बंद.

---

खानापूरची_पीटी | ११ जून, दुपारी ४.४०

ताई, शंभर टक्के. मी म्हणूनच सुरुवात खो-खोनं करते. आपल्या पोरींना मोठ्यानं ओरडायची परवानगी असलेला हा एकच खेळ. तिथं "खो" ऐकू आलाच पाहिजे, पुटपुटून दिला तर फाउल. बोलणं नियमातच बसवलंय. तेच मी बास्केटबॉलमध्ये आणलं. शेल ड्रिलमध्ये चारजणी बचावाला, चारजणी बाहेरून बॉल फिरवणाऱ्या. बॉल समोर असलेलीनं "बॉल" म्हणायचं, एक पास लांब असलेलीनं "डिनाय" (पास अडवतेय), दोन पास लांब असलेलीनं रिंगकडं सरकून "हेल्प". पाय बरोबर जागी गेले पण तोंड बंद राहिलं, तर बाहेरच्या टीमला एक पॉइंट. दोन दिवसांत कॅन्टीनच्या मावशी विचारायला आल्या, काय भांडण लागलंय का.

---

गुडघेदुखी | ११ जून, रात्री १०.०५

फिजिओ आहे. थोडक्यात. सिमेंटवर उडी मारून उतरताना मुलींचे गुडघे आत पडतात का ते आवर्जून बघा. वयात येताना गुडघ्याच्या लिगामेंटचा धोका मुलींना मुलांपेक्षा जास्त असतो. दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, आवाज न करता उतरायला शिकवा. "मांजर उतरते तसं" म्हटलं की पोरांना कळतं. हे रोज, वॉर्म-अपमध्येच, पाच-सात मिनिटं. आणि पाऊस पडून गेल्यावर कोर्टवर शेवाळ धरलेलं असेल तर त्या दिवशी पळापळ नको. व्हरांड्यात ड्रिबल, भिंतीवर पास.

जुना_सेंटर, दहा फेऱ्या कोणत्या बुटांत?

---

जुना_सेंटर | ११ जून, रात्री १०.३०

अनवाणी. म्हणूनच आज तुमच्याकडं गुडघा घेऊन येतो.

---

तिसरं_गेट | ५ जुलै, रात्री ९.५०

चार आठवडे झाले. पावसानं पाच सराव खाल्ले, उरले सात. हिशोब देतो.

पहिल्याच दिवशी टेप घेऊन रिंग मोजली. ३.०५ मीटर हवी. भरली २.९०. दोन वर्षांपूर्वी कोर्टवर सिमेंटचा नवा थर ओतला, त्यात खांब बुडाला, कुणाच्या लक्षातच नाही. म्हणजे आमची पोरं वर्षभर बुटक्या रिंगवर शॉट घटवून मॅचला जात होती आणि तिथं सगळे पुढच्या कडेला आपटत होते. मी त्यांच्या मनगटांना शिव्या देत होतो. वेल्डरला गाठून बोर्ड वर घेतला, खर्च वर्गणीतून. फ्री थ्रोची (फाउलनंतरच्या मोकळ्या शॉटची) रेघही मोजून बोर्डापासून ४.६ मीटरवर नव्यानं मारली.

सराव आता कागदावर लिहून नेतो. अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाचे कोच जॉन वुडन मिनिटामिनिटाचा सराव छोट्या कार्डावर लिहून खिशात ठेवायचे, बारा वर्षांत दहा वेळा राष्ट्रीय विजेतेपद घेतलं त्यांनी. कार्ड बघून आपण विजेते होत नाही, पण माझं भाषण निम्म्यावर आलं. मांजरासारखं उतरणं, मग गट, मग बिनड्रिबलचा खेळ, मग शेल, शेवटी तीन विरुद्ध तीन. पळवणं वेगळं ठेवलंच नाही. फ्री थ्रो सगळ्यात शेवटी, दमलेले असताना, दोघांच्या जोडीत. मॅचमध्ये ते दमल्यावरच मारावे लागतात.

वीव्ह ठेवला, जुना सेंटर. पण पास द्यायच्या आधी ज्याला द्यायचा त्याचं नाव घ्यायचं, नाही घेतलं तर परत सुरुवात. पहिल्या दिवशी पलीकडच्या टोकाला कुणी पोचलंच नाही.

आता शब्दांचं. पोरांना बसवून म्हटलं, पाटी तुमची. पाऊण तास गेला, त्या दिवशी सराव दुसरा काहीच नाही. मला आधी वाटलं वाया गेला. "स्क्रीन", "हेल्प", "शॉट", "बॉल" यांवर भांडण नव्हतं. डावं-उजवं आल्यावर पेटलं. "डावा-उजवा" लांब पडतं, कन्नडवाले म्हणाले "यड-बल" घ्या, लहान आहे. एक मराठी पोरगा म्हणाला, बल म्हटलं की मला जोर लाव असं वाटतं. शेवटी लेफ्ट-राइट. मग एकीनं विचारलं, कुणाचं लेफ्ट, सांगणाऱ्याचं की ऐकणाऱ्याचं? सगळे गप्प. मीही गप्प. उठून कोर्टवर उभे राहिलो तेव्हा कळलं की बचावात मागचा आणि पुढचा दोघांचीही तोंडं एकाच दिशेला असतात, त्यामुळं लेफ्ट एकच. ते उभं राहूनच कळलं. "आत"ला बंदी घातली, त्याऐवजी "कट". "सोड" मात्र ठेवला, कारण तो कन्नड पोरांनाही गल्लीतल्या पतंगामुळं पाठ आहे.

आईंनी लिहिलं होतं ते डोक्यात होतं. हाकांचा सराव मुलींचा वेगळा घेतला, पहिले दोन दिवस. तिसऱ्या दिवशी एकत्र. सगळ्यात गप्प असलेली नववीची मुलगी मागं उभी होती, शेलमध्ये. तिनं "हेल्प" असं काही ओरडलं की बॉल असलेला मुलगा दचकला आणि त्याच्या हातातून बॉल सुटला. सगळे हसले. ती लाजली. पण पुढच्या वेळी परत ओरडली.

सात वाजता सोडतो. सव्वासात झाले तर बसस्टॉपवर मी थांबतो.

अडचण एकच उरली आहे. सराव-मॅचला पोरं बोलतात, पण बास्केट खाल्ली की एकदम थंड. पुढची दोन मिनिटं परत मुकी.

---

सुभेदार_आजोबा | ५ जुलै, रात्री १०.२०

बास्केट खाल्ली की पाचहीजणांनी आत जमायचं, हात लावायचा, आणि ज्याच्यावरून बास्केट झाली त्यानं पहिला शब्द बोलायचा. काय चुकलं ते नाही, पुढं काय करायचं ते. "मी हेल्पला", एवढंच. तीन सेकंद. सरावातच घाला.

---

खानापूरची_पीटी | ६ जुलै, सकाळी ६.१०

आणि तुम्ही बाकावरून त्या दोन मिनिटांत काय ओरडता ते कुणाला तरी मोबाइलवर रेकॉर्ड करायला सांगा. मी केलं होतं. ऐकवत नाही.

रिंग ३.०५ ला आली ना? मग घ्या की मॅच. शनिवारी आमच्याकडं ऊन असेल तर या, नाहीतर आम्ही येतो. आमच्या पोरी "कट" म्हणत नाहीत, "घुस" म्हणतात, ते तेवढं तुमच्या पोरांना आधी सांगून ठेवा.

---

चिकोडी_पॅसेंजर | ६ जुलै, सकाळी ८.४०

मॅचला मी येतो, अंपायर म्हणून. मिठाई म्हणून कुंदा हरणाऱ्यांकडून.

---

तिसरं_गेट | ६ जुलै, सकाळी ८.५५

शनिवार पक्का. बॉल सहा नंबरचा तुमचा आणा ताई, आमचा कालच गटारात गेला तो अजून सापडलेला नाही.